मुंबईसमोरच्या समुद्रात वारा किती? उपग्रहाच्या फुकट डेटावरून काढायची पद्धत, पहिल्यापासून

जुलैत मरीन ड्राइव्हच्या कट्ट्यावर उभं राहिलं की छत्री उलटी होते आणि शेजारचा कोणीतरी म्हणतोच, इथे समोर पवनचक्क्या लावल्या तर अख्ख्या मुंबईची वीज निघेल. तोच माणूस ऑक्टोबरात त्याच कट्ट्यावर घामाने निथळत बसलेला असतो तेव्हा पवनचक्कीचं नाव काढत नाही. आपल्याला जो हिशोब करायचाय त्यातली निम्मी भानगड ह्या दोन महिन्यांच्या मधेच आहे, त्यामुळे हा कट्टा डोक्यात ठेवूनच पुढचं वाचा.

समुद्रात खांब उभारून वारा मोजणं हे प्रचंड खर्चिक काम. आपल्याकडे राष्ट्रीय ऑफशोअर पवनऊर्जा धोरण २०१५ मध्ये आलं, मग चेन्नईच्या राष्ट्रीय पवनऊर्जा संस्थेने, म्हणजे एनआयडब्ल्यूईने, नोव्हेंबर २०१७ मध्ये खंबातच्या आखातात, पिपावावपासून साधारण २३ किलोमीटरवर, समुद्रातला पहिला लायडार (लेझरने वरच्या उंचीवरचा वारा मोजणारं यंत्र) बसवला. २०२४ मध्ये केंद्राने ७,४५३ कोटींची व्हायबिलिटी गॅप फंडिंगची (प्रकल्प परवडायला जे पैसे कमी पडतात ते सरकारने भरायचे) योजना मंजूर केली, त्यात ५०० मेगावॅट गुजरातला आणि ५०० तामिळनाडूला. महाराष्ट्र ह्या पहिल्या पंगतीत नाही. म्हणजे मुंबईसमोरचं काय ते बघायचं असेल तर तयार आकडा कोणी ताटात वाढणार नाहीये, आपणच काढायचा. उपग्रहांचा डेटा फुकट आहे, सॉफ्टवेअर फुकट आहे, लागतो तो फक्त एक बरा लॅपटॉप आणि दोन-तीन वीकेंड. पायथन येत असेल तर उत्तम, नसेल तर अर्ध्यापर्यंत एक्सेलमध्येही जाता येतं.

उपग्रह नक्की काय बघतो ते आधी

उपग्रहाला वारा दिसत नाही. हे ज्याला कळलं त्याच्या पुढच्या निम्म्या चुका वाचल्या. त्याला दिसतो पाण्याच्या पृष्ठभागाचा खरखरीतपणा. वारा सुटला की पाण्यावर बारीक बारीक लहरी उठतात, मोठ्या लाटा नव्हे, चार ते सहा सेंटीमीटरच्या लहरी. युरोपच्या सेंटिनेल-१ उपग्रहाचा रडार ५.४ गिगाहर्ट्झवर चालतो, त्याची तरंगलांबी साडेपाच सेंटीमीटर, आणि तिरक्या कोनातून बघताना त्याचा सिग्नल नेमका ह्या बारक्या लहरींशी जुळून परत येतो. ह्याला ब्रॅग स्कॅटरिंग म्हणतात. वारा जास्त, लहरी जास्त, सिग्नल जास्त परत, पाणी चित्रात उजळ दिसतं. वारा पडलेला असेल तर पाणी आरशासारखं, सिग्नल दुसरीकडेच निघून जातो आणि चित्र काळं.

ह्या उजळपणावरून वेग काढायचं जे सूत्र आहे त्याला जिओफिजिकल मॉडेल फंक्शन म्हणतात, सी-बँडसाठी, म्हणजे वरच्या ५.४ गिगाहर्ट्झच्या आसपासच्या लहरींसाठी, सगळ्यात जास्त वापरात असलेलं सीमॉड५.एन. त्यातला 'एन' म्हणजे न्यूट्रल, तो लक्षात ठेवा, उंचीच्या भागात परत भेटेल. ह्या सूत्राला तीन गोष्टी द्याव्या लागतात: परत आलेला सिग्नल, रडारचा कोन, आणि वाऱ्याची दिशा. हो, दिशा आपणच द्यायची. रडारच्या सरळ समोरून येणारा वारा आणि आडवा वारा, दोघांचा वेग एकच असला तरी आडव्याचा सिग्नल कमी येतो, त्यामुळे दिशा चुकली की वेग चुकलाच.

सरळ अर्थ असा की उपग्रहाचा आकडा हा पाण्याच्या पृष्ठभागावरून काढलेला, १० मीटर उंचीसाठीचा, एका क्षणाचा वारा आहे. आपल्याला हवाय १०० ते १५० मीटर उंचीवरचा, वर्षभराचा. ह्या दोन वाक्यांमधलं अंतर कापणं हेच आपलं काम आणि ते कापताना लोक जिथे घसरतात त्यावर मी जास्त लिहिणार आहे, डाउनलोडचं बटण कुठे आहे त्यावर कमी.

चौकोन ठरवा, मग उपग्रह निवडा

आख्खा अरबी समुद्र घेऊन बसू नका. मी घेतलेला चौकोन सांगतो: १८.९ ते १९.१ उत्तर आणि ७२.३ ते ७२.५ पूर्व. म्हणजे कुलाब्याच्या पश्चिमेला साधारण ३५ ते ५५ किलोमीटर, बॉम्बे हायच्या बराच अलीकडे. किनाऱ्याला चिकटून घेतला असता तर अर्धे उपग्रह बाद झाले असते.

उपग्रह मुख्यतः दोन जातींचे. पहिली जात सार, म्हणजे सिंथेटिक अ‍ॅपर्चर रडार (आईला फोनवर सांगत होतो की सध्या सारावर काम करतोय तर तिला वाटलं कोकमाचं). सेंटिनेल-१ए २०१४ पासून वर आहे, १बी २०१६ मध्ये गेला आणि डिसेंबर २०२१ मध्ये बंद पडला, १सी डिसेंबर २०२४ मध्ये गेला. ह्यांचं चित्र अतिशय बारीक, २५० किलोमीटरचा पट्टा, वाऱ्याचं तयार प्रॉडक्ट १ किलोमीटरच्या ग्रिडवर. किनाऱ्याजवळचा वारा कसा बदलतो, डोंगराआडची सावली कुठपर्यंत जाते, हे फक्त सारच दाखवतो. पण एक उपग्रह त्याच वाटेवर १२ दिवसांनी परत येतो. रोजची भाजी ह्याच्याकडून मिळणार नाही.

दुसरी जात स्कॅटरोमीटर. युरोपच्या मेटॉप उपग्रहांवरचा अ‍ॅस्कॅट, आणि आपल्या इस्रोचे: ओशनसॅट-२ वरचा ऑस्कॅट, २०१६ चा स्कॅटसॅट-१ (हे दोन्ही आता बंद), आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये गेलेला ईओएस-०६ म्हणजे ओशनसॅट-३. हे एकाच जागेकडे वेगवेगळ्या कोनांतून बघतात त्यामुळे वेगाबरोबर दिशाही स्वतःच काढतात, आणि जवळजवळ रोज येतात. फक्त चित्र जाडंभरडं, १२.५ किंवा २५ किलोमीटरचे ठोकळे, आणि किनाऱ्यालगत जमिनीचा सिग्नल मिसळतो म्हणून तिथे आकडाच नाही. ह्यातला एक फरक आपल्याकडे फार महत्त्वाचा आहे: अ‍ॅस्कॅट सी-बँड आहे, पावसातून बऱ्यापैकी बघतो, आणि इस्रोचे कू-बँड आहेत, म्हणजे त्याहून आखूड तरंगलांबीचे, पाऊस आला की बिचकतात.

रेडिओमीटर आणि अल्टिमीटर पण वेग देतात, पण पहिल्याला दिशा कळत नाही आणि दुसरा फक्त स्वतःच्या पायाखालच्या रेषेवर मोजतो. सुरुवातीला सोडून द्या.

माझं गणित असं: वर्षभराची सरासरी अ‍ॅस्कॅटवरून, चौकोनाच्या आतला बारकावा सेंटिनेलवरून, आणि दिवसाचे चोवीस तास भरायला ईआरए५. हा ईआरए५ उपग्रह नाही, युरोपियन हवामान केंद्राचं रीअ‍ॅनालिसिस आहे, म्हणजे जुन्या नोंदी मॉडेलमध्ये घालून पुन्हा तयार केलेलं हवामान, १९४० पासून पुढचा दर तासाचा वारा, १० मीटर आणि १०० मीटर दोन्ही उंचींवर, पाव अंशाच्या ग्रिडवर. तिन्ही एकमेकांच्या खोड्या पकडतात, म्हणून तिन्ही घ्या.

डाउनलोड आणि साफसफाई

सेंटिनेल कोपर्निकस डेटा स्पेसवर मिळतो, फुकटात खातं उघडा. तिथे दोन प्रकार दिसतील. जीआरडी म्हणजे नुसतं रडारचं चित्र, आणि लेव्हल-२ ओसीएन म्हणजे ज्यात वारा आधीच काढून ठेवलाय. पहिल्यांदा करताय तर गुपचूप ओसीएन घ्या. त्यात ओडब्ल्यूआय ह्या नावाने सुरू होणाऱ्या रकान्यांमध्ये वेग, दिशा, मास्क आणि क्वालिटी सगळं असतं, दिशा युरोपियन केंद्राच्या मॉडेलवरून भरलेली. जीआरडीपासून स्वतः काढायची हौस असेल तर ईसाच्या (युरोपियन अवकाश संस्था) स्नॅप सॉफ्टवेअरमध्ये वाऱ्याचं टूल आहे: आधी कॅलिब्रेशन करून सिग्मा नॉट (परत आलेल्या सिग्नलचं प्रमाणित माप), मग जमीन झाका, मग अर्धा ते एक किलोमीटरपर्यंत सरासरी करून चित्रातला दाणेदारपणा मारा, मग वारा. व्हीव्ही पोलरायझेशनच (सिग्नल उभा पाठवून उभाच घेतलेला) घ्या, व्हीएच (उभा पाठवून आडवा घेतलेला) हे वादळी वाऱ्याच्या वेळी कामाला येतं, रोजच्या वाऱ्यात त्याचा सिग्नल फार मंद.

आणि सुरुवातीलाच तुमच्या चौकोनावर वर्षाला किती पास पडतात ते मोजून घ्या. सकाळचे आणि संध्याकाळचे दोन्ही पास सगळीकडे सारखे मिळतात असं धरून चालू नका, माझ्या यादीत एका बाजूची गर्दी होती आणि ते मला महिनाभराने कळलं.

अ‍ॅस्कॅट कोपर्निकस मरीनवरून. तिथेच स्कॅटरोमीटरने सुधारलेलं तासातासाचं मॉडेल वारं पण मिळतं, एक-अष्टमांश अंशाच्या ग्रिडवर, घाईत असाल तर तो बरा शॉर्टकट आहे. इस्रोचा डेटा अहमदाबादच्या मोसडॅकवर आणि एनआरएससीच्या भूनिधीवर. ईआरए५ क्लायमेट डेटा स्टोअरवरून.

आता साफसफाई. समुद्रात उजळ दिसणारं सगळं वारा नसतं. जहाजं पहिली. बंदराच्या तोंडाशी नांगर टाकून उभ्या असलेल्या जहाजांमुळे माझ्या पहिल्या नकाशात एक झकास 'वाऱ्याचा पट्टा' आला होता, मी तो दोन जणांना दाखवलाही, मग झूम केल्यावर कळलं की तो ठिपक्या-ठिपक्यांचा आहे. तेलविहिरींचे प्लॅटफॉर्म तसेच. मच्छीमार बोटींची एक गंमत बघा, १ जून ते ३१ जुलै पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक बोटींना मासेमारी बंदी असते म्हणून त्या काळातली चित्रं बरीच स्वच्छ, आणि नारळी पौर्णिमेनंतर ठिपकेच ठिपके. उपाय एकच, एक किलोमीटरच्या खणात जे पिक्सेल बाकीच्यांपेक्षा फारच उजळ आहेत ते काढून मग सरासरी करा.

उलट बाजूने तेलाचा तवंग लहरी मारून टाकतो आणि तिथे वारा नसल्यासारखं दिसतं. मुसळधार पावसाचे ढग चित्रात फुलासारखे डाग उमटवतात. खंबातकडे सरकलात तर भरती-ओहोटीचे जोरदार प्रवाह आणि वाळूचे उथळ दांडे चित्रात चक्क रेषा काढतात, तिथे सारवर आंधळा भरवसा नको.

आणि एक चूक साफसफाईच्या उत्साहात होते. २ मीटर प्रति सेकंदाच्या खाली आकडे भरवशाचे नसतात म्हणून लोक ते उडवून टाकतात. उडवू नका! पडलेला वारा हाही वाराच आहे, तो काढला की सरासरी आपोआप फुगते. आकडा शंकास्पद म्हणून ठेवा, पण मोजणीत ठेवा.

घड्याळ आणि कॅलेंडर

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. सेंटिनेल-१ सूर्याशी बांधलेल्या कक्षेत फिरतो, स्थानिक सौर वेळेने सकाळी सहा आणि संध्याकाळी सहाला येतो. मुंबईची सौर वेळ भारतीय प्रमाणवेळेच्या जवळपास ३९ मिनिटं मागे (जुन्या लोकांना बॉम्बे टाइम आठवत असेल, तो हाच), म्हणजे आपल्या घड्याळात साडेसहा-पावणेसातच्या आसपास. अ‍ॅस्कॅट सौर साडेनऊचा, आपल्या दहाच्या आसपास, सकाळी आणि रात्री. ओशनसॅट-३ बाराचा, आपल्या घड्याळात साडेबाराच्या आगेमागे.

आता मुंबईचा दिवस आठवा. ऑक्टोबर ते मे दुपारी खारे वारे सुटतात, रात्री ते पडतात आणि पहाटेकडे जमिनीवरून मतलई वारे. खाऱ्या वाऱ्याचा जोर दुपारी तीन-चारच्या सुमाराला. वरच्या यादीत तीन-चारला येणारा उपग्रह दिसतोय का? नाही ना. म्हणजे उन्हाळ्यात दिवसातला सगळ्यात चांगला वारा आपले सगळे उपग्रह चुकवतात, आणि सेंटिनेलची सकाळ तर नेमकी मतलई वाऱ्याच्या वेळेत येते. नुसत्या सेंटिनेलची सरासरी काढून रिपोर्ट दिला तर तुम्ही मुंबईचा वारा नाही, मुंबईची साडेसहाची लोकल मोजलीत.

दुरुस्ती अवघड नाही. ईआरए५ मधून तुमच्या चौकोनाचा तासातासाचा वारा घ्या. प्रत्येक महिन्यासाठी दोन सरासऱ्या काढा, एक सगळ्या तासांची, एक फक्त त्या तासांची ज्या तासांना उपग्रह येतो. पहिलीला दुसरीने भागा. जो गुणक येईल तो त्या महिन्याच्या उपग्रहाच्या सरासरीला लावा. पावसाळ्यात हा गुणक १ च्या जवळ राहतो कारण मान्सूनचा वारा दिवस-रात्र बघत नाही, उन्हाळ्यात तो जास्त हलतो. ईआरए५ चे ठोकळे मोठे असल्याने खारा वारा त्यात थोडा पुसट होतो हे खरं, पण काहीच न करण्यापेक्षा पुष्कळ बरं.

माझी इथली फजिती सांगतो. ईआरए५ ची वेळ यूटीसीमध्ये (ग्रीनिचच्या वेळेत) असते, आणि मी एका फाइलमध्ये उपग्रहाची वेळ भारतीय करून ठेवली होती आणि दुसरीत विसरलो. साडेपाच तासांचा घोळ. आलेख इतका गोड दिसत होता की तीन आठवडे संशयसुद्धा आला नाही. सगळं यूटीसीतच ठेवा, भारतीय वेळ फक्त शेवटच्या आलेखावर लिहा.

आता कॅलेंडर. मुंबईत मान्सूनची सर्वसाधारण तारीख ११ जून. जून ते सप्टेंबर अरबी समुद्रावरचा नैऋत्येचा दणदणीत वारा, आणि बाकीचे आठ महिने त्यामानाने शांतता. समजा, हे फक्त गणितासाठी हां, पावसाळ्याच्या चार महिन्यांची सरासरी ९ मीटर प्रति सेकंद आणि उरलेल्या आठची ५. वर्षाची सरासरी ६.३. आता पाऊस आहे म्हणून क्वालिटी फ्लॅगने (डेटातली शंकास्पद नमुन्यावरची खूण) पावसाळ्यातले निम्मे नमुने उडवले, आणि तुम्ही जे उरलं त्याची सरळ सरासरी काढली, तर येते ५.८. म्हणजे फिल्टरने कचरा काढताना सोनंही उकिरड्यावर टाकलं, कारण ज्या तासाला पाऊस कोसळत असतो त्याच तासाला बऱ्याचदा वारा पण असतो. म्हणून आधी महिन्याची सरासरी, मग बारा महिन्यांची दिवसांप्रमाणे वजन देऊन सरासरी. कधीही सगळे नमुने एका पोत्यात घालू नका. आणि पावसाळ्यासाठी कू-बँडपेक्षा अ‍ॅस्कॅटवर जास्त भिस्त ठेवा.

ह्याच समजा-आकड्यांवर ऊर्जा बघा. ऊर्जा वेगाच्या घनाशी जाते. नऊचा घन ७२९, पाचचा १२५. चार महिन्यांचे २,९१६ आणि आठ महिन्यांचे १,०००. म्हणजे वर्षातली जवळपास पाऊण ऊर्जा चार महिन्यांत. म्हणूनच मी नुसता वार्षिक आकडा कोणी सांगितला की लगेच महिन्यांचा तक्ता मागतो, वीज विकत घेणाऱ्याला एप्रिलच्या दुपारचे एसी चालवायचे असतात आणि आपला माल येतो जुलैत.

किती नमुने पुरेत हा प्रश्न सगळे विचारतात. ह्या क्षेत्रातला अंगठ्याचा नियम असा की सरासरी वेग दहा टक्क्यांच्या आत आणायला ६०-७० चित्रं पुरतात, पण ऊर्जेची घनता (दर चौरस मीटरमागची ऊर्जा) तेवढ्याच भरवशाने सांगायला दोनेक हजार लागतात. सेंटिनेलच्या एका वाटेवर वर्षाला तीसेक चित्रं. गणित तुम्हीच करा. म्हणूनच ऊर्जेसाठी अ‍ॅस्कॅट, आणि सेंटिनेल फक्त ह्यासाठी की चौकोनाचा पूर्व भाग पश्चिमेपेक्षा किती टक्के मंद आहे.

उंची: १० वरून १०० वर चढताना

एकच उदाहरण सगळं सांगतं. समजा १० मीटरवर सरासरी ६.२ आली. समुद्रासाठी पॉवर लॉचा (उंचीच्या ठराविक घाताने वारा वाढतो असं धरणारं सूत्र) घातांक ०.११ धरला तर १०० मीटरवर ८.० येतात. जमिनीवरचा नेहमीचा एक-सप्तमांश धरला तर ८.६. लॉग लॉ (उंचीच्या लॉगॅरिदमने वारा वाढतो असं धरणारं सूत्र) वापरून पाण्याचा खरखरीतपणा ०.०००२ मीटर धरला तर ७.५. डेटा तोच, उपग्रह तोच, पण ८.६ आणि ७.५ मध्ये ऊर्जेचा फरक दीडपट! वर इतकी घासून केलेली साफसफाई ह्या एका ओळीत वाहून जाते. एका मीटिंगमध्ये मी एक प्रेझेंटेशन पाहिलं होतं ज्यात एक-सप्तमांश वापरलाय हे तळटीपेतही नव्हतं, आणि सगळे आकड्यावर खूश.

मी काय करतो ते सांगतो. वर म्हटलं तसं उपग्रहाचा वारा 'न्यूट्रल' असतो, म्हणजे हवा आणि पाणी ह्यांच्या तापमानात फरकच नाही असं धरून काढलेला. ईआरए५ मध्ये १० मीटरचा न्यूट्रल वारा म्हणून वेगळा रकाना आहे, बरेच जण तो बघतच नाहीत. उपग्रहाची तुलना त्याच्याशी करा, नेहमीच्या १० मीटरशी नको. मग ईआरए५ चाच १०० मीटरचा वारा भागिले हा न्यूट्रल वारा, असा गुणक महिन्याप्रमाणे आणि तासाप्रमाणे काढा आणि उपग्रहाच्या वाऱ्याला लावा. ह्याने हवेचा मूड आपोआप येतो: एप्रिलमध्ये जमिनीवरून तापलेली हवा त्यामानाने गार पाण्यावर आली की हवेचे थर एकमेकांत मिसळत नाहीत आणि खाली मंद वर जोरात असं होतं, हिवाळ्याच्या रात्री गार हवा कोमट पाण्यावर आली की उलट, सगळं घुसळून निघतं आणि खाली-वर फरक कमी. पावसाळ्यात जोरदार वाऱ्यामुळे स्थिती बरीच न्यूट्रलच्या जवळ.

आलेला आकडा वरच्या ०.११ आणि लॉग लॉच्या आकड्यांशेजारी ठेवा. जवळपास असेल तर ठीक, फार लांब असेल तर आधी चूक शोधा, मग अभिमान बाळगा.

वायबुल आणि वॅट

नुसत्या सरासरीचा घन केला तर ऊर्जा निम्मीच येते. कारण कधी ३ कधी १२ असा वारा असताना १२ चा घन सगळं ओढून नेतो. म्हणून वायबुल वितरण, म्हणजे कुठला वेग किती वेळा येतो ते सांगणारा वक्र, बसवायचं, त्यात दोन आकडे: स्केल ए आणि शेप के. पायथनच्या सायपायमध्ये फिट करताना लोकेशन शून्यावर बांधून ठेवा, नाहीतर ते स्वतःच काहीतरी तिसरा आकडा काढून बसतं आणि के हास्यास्पद येतो.

१० मीटरवरच उदाहरण घेऊ: ए ७ आणि के २ असेल तर सरासरी ६.२. ऊर्जेची घनता म्हणजे अर्धा गुणिले हवेची घनता गुणिले ए चा घन गुणिले गॅमा फंक्शनचं मूल्य, जे के २ साठी १.३३. उत्तर येतं २६२ वॅट प्रति चौरस मीटर. नुसता ६.२ चा घन करून आलं असतं १३७. हवेची घनता इथे १.१५ घेतलीये, पुस्तकातली १.२२५ नाही, ती १५ अंशांची कोरडी हवा आहे आणि मुंबईत १५ अंश म्हणजे बातमी होते. आपल्या दमट उकाड्यात हवा पातळ, सहा टक्के ऊर्जा तिथेच गेली. आपल्याकडे पावसाळा आणि इतर वेळ असे दोन वेगळे वारे असल्याने वर्षाला एकच वायबुल नीट बसत नाही, मधे खड्डा राहतो. दोन्ही ऋतूंना वेगळं बसवा आणि मग बेरीज करा.

मग टर्बाइनचा पॉवर कर्व्ह (कुठल्या वेगाला किती वीज) लावा. ३-४ मीटर प्रति सेकंदाला फिरायला लागते, ११-१३ ला पूर्ण ताकद, २५ ला बंद. समजा १० मेगावॅटची टर्बाइन वर्षाला ३५ टक्के क्षमतेने चालली तर ३ कोटी युनिटच्या थोडी वर, आणि त्यातून शेजारच्या टर्बाइनची सावली, केबल, देखभाल हे सगळं वजा.

वादळाचा वारा मात्र ह्या पद्धतीतून काढू नका. १७ मे २०२१ ला तौक्ते मुंबईसमोरून गेलं तेव्हा कुलाब्याला ताशी ११४ किलोमीटरचा झोत नोंदला गेला, त्याच्या आदल्याच वर्षी ३ जून २०२० ला निसर्ग अलिबागच्या खाली धडकलं. पन्नास वर्षांत एकदा येणारा वारा हे वेगळं शास्त्र आहे, १२ दिवसांनी एक फोटो काढणाऱ्याला ते विचारू नये.

आधी खंबातला परीक्षा द्या

मुंबईच्या चौकोनात १०० मीटरवर खरा मोजलेला वारा तुमच्याकडे नाही. पण खंबातच्या लायडारचा अहवाल एनआयडब्ल्यूईने प्रसिद्ध केलाय. म्हणून आख्खी पद्धत, एकही आकडा न बदलता, आधी तिथल्या चौकोनावर चालवा आणि महिन्याप्रमाणे तुलना करा. वार्षिक सरासरी जुळली म्हणून नाचू नका, जुलै कमी आणि डिसेंबर जास्त आला तरी सरासरी जुळते. मुंबईसाठी खालच्या उंचीवर वारा मोजणारे तरंगते बॉय आहेत, त्यांचा अ‍ॅनिमोमीटर पाण्यापासून तीनेक मीटरवर असतो, तुलनेआधी १० मीटरवर न्यायला विसरू नका. कुलाबा वेधशाळेचा वारा मोह पाडतो, पण तो जमिनीवरचा, इमारतींच्या गर्दीतला, फक्त दिशा आणि ऋतू तपासायला ठीक.

खंबातला जेवढा फरक पडला तेवढी अनिश्चितता मुंबईच्या आकड्याला लावा, वर थोडी जास्तच. '८.० मीटर प्रति सेकंद' असं लिहू नका, '७.४ ते ८.४' असं लिहा आणि शेजारी उंचीची पद्धत लिहा. आणि उपग्रहाची पाच-सात वर्षं ईआरए५ च्या तीस वर्षांशेजारी ठेवून बघा, तुमची वर्षं नेमकी चांगल्या मान्सूनची तर नव्हती ना.

सगळ्यात शेवटी नकाशावर कात्री

गेब्को ह्या समुद्रतळाच्या नकाशावरून खोली घ्या. तळाशी रोवलेल्या टर्बाइनला साधारण ५०-६० मीटरपर्यंत खोली चालते, पुढे तरंगती. इथे मुंबईचं नशीब बरं, पश्चिम किनाऱ्यावरचा उथळ उंबरठा इथे फार रुंद आहे, बॉम्बे हाय १६० किलोमीटर आत असूनही तिथे पाणी ७५ मीटरच्या आसपासच. मग मुंबई बंदर आणि न्हावाशेवाच्या जेएनपीएला (आधीचं जेएनपीटी) येणाऱ्या जहाजांच्या वाटा कापा, तेल-गॅसच्या पाइपलाइन कापा, नौदलाचा भाग कापा. मासेमारीच्या जागा कुठल्याच फाइलमध्ये नीट मिळणार नाहीत, त्यासाठी वर्सोवा किंवा ससून डॉकला जाऊन एखाद्या तांडेलाशी बोला. मी लॅपटॉप उघडून माझा चौकोन दाखवला तेव्हा समोरच्याने अर्ध्या मिनिटात बोट ठेवून सांगितलं की हा कोपरा डोल जाळ्यांचा आहे, इथे खांब रोवलात तर भांडण होईल. चौकोनाचा चौथा हिस्सा तिथेच गेला.

जे उरेल त्याच्या मधोमध एक टिंब काढा. फ्लोटिंग लायडारसाठी पैसे मागायचे तर ह्या टिंबासाठी मागा, कारण बँक उपग्रहावर कर्ज देत नाही, तिला किमान वर्षभराची खरी मोजणी लागते. आणि तो पाण्यात सोडायचा तर मेच्या पहिल्या पंधरवड्यापर्यंत सोडा. जून लागला की तुम्हाला हवा असलेला वारा सुरू होतो आणि त्या वाऱ्यात तिथपर्यंत न्यायला कोणी बोट देत नाही, मग सरळ पुढच्या मान्सूनची वाट बघत बसायचं.